जुन्या ताकदवान गाड्या आणि त्यांचे ब्रेक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की घाटरस्त्यांवरच्या दरडी, खड्डे आणि धुके यांच्या बातम्यांना आपल्या पानांवर जागा मिळते, आणि ती मिळायलाच हवी. मला ज्या गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे ती मात्र रस्त्यावर नसून गाडीच्या चाकाआड आहे. वीस वर्षांपूर्वी ज्या मोठ्या इंजिनाच्या कौटुंबिक गाड्या आपल्याकडे प्रतिष्ठेच्या मानल्या जात, त्या आज तिसऱ्या-चौथ्या मालकाच्या हाती आहेत. त्यांची इंजिने अजून धडधाकट आहेत, किंमत दोन-अडीच लाखांवर आली आहे, आणि विशी-पंचविशीतली मुले त्या हौसेने घेतात. हौस इंजिन, आवाज आणि चाके यांच्यावर खर्च होते; ब्रेकची पाळी आली तर शेवटी येते, आणि आलीच तर बहुधा चुकीच्या टोकाकडून येते.

मी स्वतः अशाच एका गाडीचा मालक आहे, हे आधीच सांगितलेले बरे. यंत्र अभियांत्रिकीचा अध्यापक म्हणून निवृत्त झालो आणि २००५ सालची स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस अजून चालवतो. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात जुळवल्या गेलेल्या त्या पिढीतली ही गाडी, १.८ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, १५० अश्वशक्ती, आणि मागे सामानाची एवढी जागा की लग्नघरचा बस्ता मावावा. तिचे मूळ ब्रेक उत्तम होते. पुढे जे लिहिले आहे ते त्या ब्रेकविषयी तक्रार म्हणून नव्हे, तर वीस वर्षांत आपण त्यांचे काय करतो याविषयी आहे.

तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात सातारहून महाबळेश्वरमार्गे दापोलीस निघालो होतो. गाडीत पत्नी, मुलगी, दोन नातवंडे आणि डिकीभर सामान. आंबेनळी घाटात वाडा कुंभरोशी मागे पडल्यावर नातीने विचारले, “आजोबा, काही जळतंय का?” वास मलाही आला होता, पण समोरच्या एसटीकडे लक्ष होते. पुढच्याच वळणावर ब्रेक दाबला, तर पाय नेहमीच्या जागी थांबला नाही. ओल्या स्पंजावर पाय पडावा तसा तो खाली गेला. दोनदा-तीनदा पेडल भराभर मारल्यावर थोडी पकड आली, तेवढ्यात दुसरा गिअर, मग पहिला, आणि हँडब्रेक हळूहळू ओढत गाडी डोंगराकडच्या गटाराला टेकवली. कुणाला खरचटलेही नाही. पाऊण तास थांबल्यावर पेडल पूर्वीसारखे घट्ट लागू लागले, आणि या बिघाडातली सर्वांत फसवी बाब हीच आहे. गाडी थंड झाली की सारे ठीक दिसते, चालक मनाशी म्हणतो की उगीच घाबरलो, आणि पुन्हा उताराला लागतो.

पोलादपुरात एका छोट्या गॅरेजच्या मिस्त्रींनी पुढच्या कॅलिपरचा (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर, म्हणजे लोखंडी तबकडीवर, दोन्ही बाजूंनी पॅड आवळणाऱ्या भागाचा) निपल, म्हणजे ऑइल बाहेर सोडायची छोटी तोटी, सैल केला, तेव्हा बाटलीत उतरलेले ब्रेक ऑइल उकळून उरलेल्या चहाच्या रंगाचे होते. त्यात बारीक बुडबुडेही दिसत होते. गंमत अशी की त्याच्या आदल्या वर्षीच्या सर्व्हिसिंगच्या बिलात “ब्रेक ऑइल बदलले” अशी नोंद आणि त्याचे पैसे दोन्ही होते. कार्यशाळेचे नाव घेण्यात मला रस नाही, कारण ही पद्धत एका कार्यशाळेची नाही: बॉनेटखालच्या डबीतले जुने ऑइल पिचकारीने ओढून काढायचे, वर ताजे सोनेरी ऑइल ओतायचे, आणि गिऱ्हाइकाला झाकण उघडून रंग दाखवायचा. डबीतले ऑइल चाकापाशी पोहोचत नाही. ते जिथे तापते, तिथे चार-पाच वर्षांपूर्वीचेच ऑइल राहते.

ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषते. रबरी पाइपांतून आणि डबीच्या झाकणातून ती वर्षभर आत जात असते. कोकणाच्या आणि घाटमाथ्याच्या पावसाळ्यात किती जात असेल याची कल्पना कपाटातल्या बुरशीवरून करावी. डॉट ४ प्रतीच्या ऑइलचा उत्कलनबिंदू ताजे असताना किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. त्यात सुमारे पावणेचार टक्के पाणी मिसळले की ती किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. ऑइल उकळले की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पायाचा जोर पॅडपर्यंत पोहोचायच्या ऐवजी ती वाफ आवळण्यात संपतो. पॅड अतितापून पकड सोडतात तो प्रकार वेगळा. त्यात पेडल दगडासारखे कठीण असते आणि तरीही गाडी थांबत नाही. दोहोंना आपण सरसकट “ब्रेक फेल” म्हणतो, त्यामुळे दोहोंवर एकच उपाय केला जातो, आणि तो एकासाठी निरुपयोगी ठरतो.

घाटात ही उष्णता नेमकी किती असते, याचा हिशेब मी पूर्वी विद्यार्थ्यांकडून करवून घेत असे. ताशी १०० किलोमीटर वेगाच्या गाडीत जेवढी ऊर्जा असते, तेवढीच ऊर्जा तीच गाडी सुमारे ३९ मीटर, म्हणजे तेरा मजले, खाली उतरताना मोकळी होते. गाडीचे वजन कितीही असो, हे प्रमाण बदलत नाही. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साडेतेराशे मीटरच्या घरात, आणि पोलादपूर शंभर मीटरच्या आतबाहेर. साडेबाराशे मीटरची ही उतरण म्हणजे शंभराच्या वेगावरून बत्तीस वेळा गाडी पूर्ण थांबवण्याइतकी ऊर्जा झाली. चाळीसेक किलोमीटरच्या रस्त्यात टायरांच्या आणि हवेच्या घर्षणात तिचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून थोडा अधिक जातो. उरलेली इंजिन आणि ब्रेक यांनी वाटून घ्यायची असते. चालकाने वरचा गिअर ठेवून पाय ब्रेकवर टेकवला, तर वाटणीत इंजिनाच्या वाट्याला फारसे काही येत नाही. आमच्या गाडीएवढ्या वजनाला शंभरावरून एकदा पूर्ण थांबवले तर पुढची प्रत्येक डिस्क साधारण साठ-सत्तर अंशांनी तापते. मोकळ्या रस्त्यावर ती मधल्या वेळात निवते. घाटात पुढचे वळण तिला निवू देत नाही.

आता मूळ मुद्दा. अशा गाडीचे ब्रेक सुधारायचे म्हणजे काय करायचे? बाजारात गेलो तर उत्तर तयार असते: मोठ्या डिस्क, भोके पाडलेल्या डिस्क, लाल रंगाचे कॅलिपर. माझ्या मते या तिन्हींच्या आधी चार सामान्य कामे येतात, आणि ती नीट केली तर बहुतेक कुटुंबांना पाचव्या कामाची गरज उरत नाही.

ऑइल सर्व चाकांपर्यंत बदलावे, ते दर दोन वर्षांनी, आणि बदलताना समोर उभे राहावे. चारही निपलमधून स्वच्छ ऑइल येईपर्यंत जुने बाहेर आले पाहिजे. जुन्या गाडीत हे करताना हेल्परला पेडल तळापर्यंत दाबायला लावू नये. मास्टर सिलेंडरच्या (पेडलचा जोर ऑइलवर देणाऱ्या नळकांड्याच्या) ज्या भागात वर्षानुवर्षे सील पोहोचलेले नसते तिथे गंज आणि गाळ साचलेला असतो, त्यावरून सील फिरले की ते फाटते, आणि दुरुस्तीला आलेली गाडी नव्या बिघाडासह घरी जाते. त्यानंतर रबरी नळ्या. बाहेरून धडधाकट दिसणारी नळी आतून फुगून बसते. दाबलेला ब्रेक लागतो पण सुटत नाही, आणि एक चाक दिवसभर स्वतःला भाजत राहते. दहा-पंधरा किलोमीटर चालवून चारही चाकांजवळ हात नेला तर कोणते चाक अधिक गरम आहे ते लगेच कळते (हात जवळ न्यावा, लावू नये). कॅलिपरच्या सरकत्या पिना साफ करून त्यांना ब्रेकसाठीचेच ग्रीस लावावे. साध्या ग्रीसने रबर फुगते. आणि डिस्कची जाडी मोजावी. माझ्या गाडीची पुढची डिस्क २८८ मिलिमीटर व्यासाची, नवी असताना २५ मिलिमीटर जाडीची. २३ च्या खाली गेली की ती बाद. लेथवर घासून “पुन्हा नवी” केलेली डिस्क गुळगुळीत होते खरी, पण उष्णता साठवणारे लोखंडच तिच्यातून कमी झालेले असते.

मागच्या ब्रेकविषयी एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण तिथे मी तीन गाड्यांचे नुकसान डोळ्यांनी पाहिले आहे. या जातीच्या गाड्यांत हँडब्रेक मागच्या कॅलिपरमध्येच बसवलेला असतो, म्हणून नवे पॅड घालताना पिस्टन (पॅड दाबणारा दट्ट्या) आत ढकलायचा नसून फिरवत आत न्यायचा असतो. शिकंजा लावून जोराने दाबला की आतली यंत्रणा बिघडते, हँडब्रेक कायमचा ढिला होतो, आणि दोष गाडीच्या वयाला दिला जातो. फिरवण्याचे अवजार महाग नाही. ते ज्या गॅरेजमध्ये नाही, तिथे मागचे पॅड बदलायला देऊ नयेत.

पॅडच्या बाबतीत खोटा माल ही मोठीच अडचण आहे. पुण्याच्या नाना पेठेत किंवा कोणत्याही शहराच्या सुट्या भागांच्या बाजारात एकाच खोक्यातले दोन पॅड दोन वेगळ्या भावांत मिळतात, आणि खोक्यावरून खरेखोटे ओळखता येत नाही. युरोपात पर्यायी पॅडची पकड मूळ पॅडच्या तुलनेत पंधरा टक्क्यांहून अधिक वरखाली नसावी असा दंडक आहे, आणि त्या मंजुरीचा क्रमांक पॅडच्या पाठीवर कोरलेला किंवा छापलेला असतो. मी तो क्रमांक पाहून, बिल घेऊन पॅड घेतो. शर्यतीच्या नावाने विकले जाणारे पॅड कुटुंबाच्या गाडीत घालू नयेत. ते तापल्यावर उत्तम धरतात, पण सकाळी सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडताना थंडच असतात.

एवढे करूनही ज्यांना वारंवार भरल्या गाडीने घाट उतरावा लागतो, त्यांच्यासाठी मोठ्या डिस्कचा विचार रास्त आहे. आमच्या गाडीच्या बाबतीत मार्ग सरळ आहे, कारण तो कारखान्यानेच आखून ठेवला आहे. याच पिढीच्या १८० अश्वशक्तीच्या युरोपीय आरएसला पुढे ३१२ मिलिमीटरच्या डिस्क होत्या. कॅलिपर तोच, पॅड तेच. बदलतो तो कॅलिपर धरणारा ब्रॅकेट आणि स्वतः डिस्क. चाके किमान सोळा इंची हवीत. मी हा बदल गेल्या वर्षी केला. कॅलिपर बाहेरच्या बाजूला सरकल्यामुळे त्याच पायाच्या जोराला सुमारे दहा टक्के अधिक पकड मिळते, आणि उष्णता सामावायला लोखंड अधिक मिळते. पिस्टन तेच राहिल्यामुळे पेडलचा प्रवास बदलत नाही, आणि कारखान्यात ठरलेल्या पुढच्या-मागच्या ब्रेकच्या तोलात फारसा फरक पडत नाही. याउलट दुसऱ्याच जातीच्या गाडीचे सहा पिस्टनचे कॅलिपर आणून ते घरगुती ब्रॅकेटवर बसवले, तर मास्टर सिलेंडर अपुरा पडतो, पेडल लांब होते, आणि एबीएसला (ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेला) ज्या गाडीची ओळख शिकवलेली आहे ती गाडीच बदलून जाते.

या बदलाने गाडी थांबण्याचे अंतर खूप कमी होते असा ज्यांचा समज आहे, त्यांची थोडी निराशा होईल. एकदाच करकचून ब्रेक दाबला तर अंतर टायर ठरवतात. मूळ ब्रेकही चारही चाकांना एबीएस चालू होईपर्यंत आणू शकत होते. त्यापलीकडे रस्त्याची पकडच नसते. सात वर्षांचे, कडक झालेले टायर ठेवून ब्रेकवर पन्नास हजार खर्च करणारे गृहस्थ मला भेटले आहेत. मोठ्या डिस्कचा उपयोग पहिल्या वेळी नव्हे, विसाव्या वेळी कळतो.

भोके पाडलेल्या डिस्कविषयी एवढेच, की भोकांच्या कडांपासून तडे जातात आणि लोखंड कमी होते ते वेगळेच. आणि मोटारीच्या सजावटीच्या दुकानांत कॅलिपरवर चिकटवायची जी लाल प्लास्टिकची टोपणे मिळतात, ज्यांनी साधा कॅलिपर महागड्यासारखा दिसतो, ती तर उष्णतेला गोधडी पांघरण्यासारखी आहेत. ज्या भागाने निवायचे त्यालाच झाकून ठेवायचे, तेही पैसे देऊन!

दुसरीकडे, टर्बो इंजिनाच्या गाडीची ताकद वाढवणे आता तासाभराचे काम झाले आहे. लॅपटॉप जोडला, इंजिन चालवणाऱ्या संगणकातली आकडेवारी बदलली, की गाडी पूर्वीपेक्षा लवकर वेग घेते. हे करून देणाऱ्या दुकानात ब्रेक ऑइल कधी बदलले होते, असा प्रश्न मला तरी कुणी विचारला नाही. मी चौकशीलाच गेलो होतो, काम करून घ्यायला नव्हे.

आता कायद्याकडे येतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हा अर्थ कडकपणे अधोरेखित केला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने विनापरवाना बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आणली. कर्णकर्कश सायलेन्सर आणि अंगणभर पसरणारी चाके यांना आळा घालण्यासाठी हे आवश्यकच होते. परंतु नोंदणी प्रमाणपत्रात डिस्कचा व्यास लिहिलेला नसतो. मग त्याच निर्मात्याचा, त्याच पिढीच्या अधिक ताकदवान गाडीसाठी बनवलेला भाग बसवणे हा बदल मानायचा की दुरुस्ती? मी दोन ठिकाणी विचारले; एका अधिकाऱ्याने हसून “काही हरकत नाही” म्हटले, दुसऱ्याने “कशाला नसत्या फंदात पडता” म्हटले. विमा कंपनीला मी लेखी कळवून ठेवले आहे. सामान्य माणसाने एवढा खटाटोप करावा अशी अपेक्षा धरता येणार नाही. तो दोनपैकी एक करील, गुपचूप काहीतरी बसवील किंवा काहीच करणार नाही.

जर्मनीत याची रीत ठरलेली आहे. सुट्या भागासोबत तपासणीचा दाखला येतो, अधिकृत अभियंता बसवलेला भाग पाहतो, आवश्यक तिथे गाडीच्या कागदांत नोंद होते, आणि विषय संपतो. आपल्याकडे पुण्यात कोथरूडच्या टेकडीवर एआरएआयसारखी वाहन संशोधन संस्था आणि भोसरीत सीआयआरटी ही रस्ते वाहतुकीची संस्था असताना अशी व्यवस्था महाराष्ट्रात उभारणे अशक्य नाही. परिवहन विभागाने निदान एवढे परिपत्रक काढावे की निर्मात्याच्या त्याच पिढीतील मोठ्या ब्रेकचे भाग, बिलासह आणि तपासणीसह, बसवल्यास तो गैरबदल समजला जाणार नाही.

दुसरी मागणी त्याहून सोपी आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी, आणि मग दर पाच वर्षांनी, नूतनीकरणासाठी जाते. त्यासाठीचे शुल्क एप्रिल २०२२ पासून सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेले. माझ्या गाडीच्या वेळी एका कार्यालयाच्या आवारात ती वीस-पंचवीस पावले पुढे नेऊन ब्रेक दाबायला सांगितला गेला; गाडी थांबली, शिक्का बसला. घाटात दगा देणारे ऑइल त्या आवारात अगदी बिनबोभाट उत्तीर्ण झाले असते. वाहनाची चाके आडव्या फिरत्या रोलरांवर ठेवून प्रत्येक चाकाचा ब्रेक वेगळा मोजणारी यंत्रे स्वयंचलित तपासणी केंद्रांत असतात. जुन्या खासगी गाड्यांनाही ती चाचणी सक्तीची करावी, तिच्या जोडीला ब्रेक ऑइलमधले पाणी मोजावे, ज्याला मिनिटही लागत नाही, आणि दोन्ही आकडे मालकाच्या हातात छापून द्यावेत. वाढलेल्या शुल्काच्या मोबदल्यात एवढे मागणे अवाजवी ठरू नये.

माझ्या पुतण्याने याच जातीची गाडी दिवाळीत घेतली आणि तिसऱ्या दिवशी फोन करून ३१२ च्या डिस्क कुठे मिळतील असे विचारले. डिस्क मिळाल्या. त्या महिनाभर माझ्या ओसरीवर खोक्यातच पडून आहेत, कारण चाके काढल्यावर मागचा डावा कॅलिपर पूर्ण अडकलेला निघाला, उजवीकडची नळी फुगलेली निघाली, आणि स्टेपनीसह मोजलेल्या पाच टायरांपैकी एकच टायर वापरण्याजोगा होता. पैसे टायरांत गेले. येत्या रविवारी ऑइल बदलायचे आहे; पेडल अर्धेच दाबायचे, हे त्याला दोनदा सांगून झाले आहे.

आपला नम्र,
एक जुना वाचक,
सातारा